खडीची खाण आणि शेजारचें घर

घर बांधणारास खडी हवी असते आणि घरांत राहणारास शांतता हवी असते. हे दोघे बहुधा एकच गृहस्थ असतात. खडी त्यांना वास्तुशांतीच्या आधीं लागते व शांतता वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून, इतकाच काय तो फरक. म्हणून खाणीच्या आवाजाचें भांडण हें गरीब बिचारा घरवाला आणि लोभी खाणवाला यांचें भांडण आहे असें जें सरसकट चित्र रंगविण्यांत येतें, तें आम्हांस अर्धवट वाटतें. ज्या सिमेंटच्या भिंतीआड आपण कानांत बोटें घालून बसतों, त्या भिंतींतील वाळू कोठल्या तरी दुसऱ्या माणसाच्या झोपेची मोड करूनच आलेली असते. तथापि झोप ही झोपच आहे, आणि ती मोडल्याची तक्रार खोटी ठरत नाहीं. ही तक्रार न्यायालयांनीं व नगरसभांनीं आजवर कशी ऐकली, कोणत्या वाटेनें ती मान्य झाली व कोणत्या वाटेनें फेटाळली गेली, याचा इतिहास फार मनोरंजक आहे. त्यांतील कांहीं प्रसंग आज वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या मालाचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. वाळू व खडी वजनानें भारी आणि मोलानें हलकी. सोनें हजार कोसांवरून आणलें तरी परवडतें. खडी कांहीं कोस वाहून नेली कीं गाडीभाडेंच मालाला गिळूं लागतें. त्यामुळें ज्या शहराला ती लागते, त्या शहराच्या उशाशींच तिची खाण असावी लागते. शिवाय निसर्गानें जेथें ती घातली असेल तेथेंच ती मिळणार. न्यूयॉर्कजवळचें लाँग आयलंड हें बेट हिमयुगांत हिमनद्यांनीं लोटून आणलेल्या व त्यांच्या वितळत्या पाण्यानें पसरलेल्या रेतीगोट्यांचें बनलेलें आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट वॉशिंग्टन येथील वाळू पडावांत भरून मॅनहॅटनला जात असे आणि तेथील गगनचुंबी इमारतींच्या काँक्रीटमध्यें ती मिसळली गेली. शहर वाढलें तें या वाळूवर. आणि वाढतां वाढतां तें शेवटीं त्या वाळूच्या खाणीजवळच येऊन पोंचलें. खाणवाला म्हणतो, ‘मी आधीं आलों’. घरवाला म्हणतो, ‘मी येथें राहतों’. दोघांचेंहि म्हणणें खरें असतें आणि तेथूनच अडचणीला प्रारंभ होतो.

‘आधीं कोण?’ हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांपुढें खाणीच्या रूपानें नव्हे, तर खलबत्त्याच्या रूपानें आला. लंडनमधील विगमोर स्ट्रीट येथील एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरांत दोन मोठे खल वापरीत असे. त्याच्या मागें एका डॉक्टराची बाग होती. बागेंत कुटाकुटीचा आवाज येई, पण कोणाची तक्रार नव्हती. १८७३ सालीं डॉक्टरानें बागेच्या टोकाला, मिठाईवाल्याच्या भिंतीला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. आणि मग रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावयाचे कीं शेजारच्या खलाचे, अशी पंचाईत झाली. १८७९ सालीं अपील न्यायालयानें डॉक्टराच्या बाजूनें निकाल दिला. आपली वहिवाट वीस वर्षांची आहे, हें मिठाईवाल्याचें म्हणणें न्यायाधीशांनीं मानलें नाहीं. कारण ज्या दिवशीं उपद्रव खऱ्या अर्थानें सुरू झाला त्या दिवसापासूनच वहिवाटीचीं वर्षें मोजावयाचीं, आणि खोली बांधली जाण्यापूर्वीं तक्रारीजोगा उपद्रवच नव्हता. मात्र त्याच निकालांत त्यांनीं दुसराहि एक दंडक सांगून ठेवला: उपद्रव कशास म्हणावें हें जागेवर अवलंबून असतें, श्रीमंतांच्या निवांत चौकांत जो उपद्रव ठरेल तो कातडी कमावणारांच्या वस्तींत ठरेलच असें नाहीं. हा दुसरा दंडक आम्हांस मनापासून पटलेला नाहीं. कामकऱ्याच्या मुलाचे कान श्रीमंताच्या मुलाच्या कानांपेक्षां जाड असतात असें कोणत्याहि वैद्यकग्रंथांत सांगितलेलें नाहीं. पण पुढील सगळा कायदा याच दंडकाला धरून चालला, हें नमूद केलें पाहिजे.

पुढें जमीन खोदण्याच्या आवाजाचाच प्रश्न न्यायालयांत आला. १९१४ सालीं लंडनच्या एका मोठ्या हॉटेलाशेजारीं वाफेच्या यंत्रानें रात्रंदिवस जमिनींत खांब ठोकण्याचें काम चाललें होतें. पाहुण्यांना झोप येईना. इतकेंच नव्हे, तर मेजवानीनंतर भाषणें करणारांचे शब्द कोणास ऐकूं येईनात. (कित्येक मेजवान्यांच्या बाबतींत ही दुसरी गोष्ट उपद्रव कीं उपकार, असा प्रश्न विचारतां येईल, पण न्यायालयानें तो विचारला नाहीं.) न्यायालयानें काम बंद केलें नाहीं. रात्रीं दहापासून सकाळीं साडेसहापर्यंत खांब ठोकूं नयेत, एवढाच मनाई हुकूम दिला. १९३७ सालीं असाच वाद एक हॉटेलवाली बाई आणि सेल्फ्रिज हें प्रख्यात दुकान यांच्यामध्यें झाला. दुकानाच्या विस्तारासाठीं शेजारीं पाडापाड व खोदकाम चाललें असतां आवाजानें व धुळीनें बाईचें गिऱ्हाईक तुटलें. खालच्या न्यायालयानें ४,५०० पौंडांची भरपाई दिली होती. अपील न्यायालयानें ती १,००० पौंडांवर आणली. कारण असें कीं, जुनी इमारत पाडून नवी बांधणें हा मालकाचा नेहमींचा हक्क आहे, आणि तो नीट बजावीत असतां होणारा त्रास शेजाऱ्यानें सोसलाच पाहिजे. परंतु तो नीट बजाविला पाहिजे. कामाचे तास आंखून घ्यावे, एका वेळीं किती यंत्रें चालवावीं हें ठरवावें, आणि त्यामुळें काम लांबलें व खर्च वाढला तर तो सोसावा. ‘काम तात्पुरतें आहे’ एवढ्या सबबीवर वाटेल तसा गोंगाट करण्याची मोकळीक मिळत नाहीं.

या निकालांत आम्हांस एक गोष्ट विशेष दिसते. आवाज किती मोठा होता याचें माप त्यांत मुख्य नाहीं. किती वाजतां होता आणि टाळतां येण्याजोगा होता कीं नव्हता, हें मुख्य आहे. ज्यानें ‘काम बंद करा’ असें मागितलें त्याला फारसें मिळालें नाहीं. ज्यानें ‘रात्रीं करूं नका, बेताबातानें करा’ असें मागितलें त्याला कांहींतरी मिळालें.

मात्र पाडापाड आज ना उद्यां संपते. खाण संपत नाहीं. तिचें आयुष्य पिढीपिढीचें असतें. अशा ठिकाणीं काय होतें, याचें उत्तम उदाहरण वर सांगितलेल्या लाँग आयलंडवरच घडलें. हेम्पस्टेड टाऊनच्या हद्दींत ३८ एकरांच्या एका तुकड्यांत १९२७ सालीं वाळू-खडीची खाण सुरू झाली. पहिलें वर्ष पुरें होण्याच्या आंतच खोदाई भूजलाच्या पातळीला जाऊन भिडली व खड्ड्यांत पाणी भरलें. पाण्याखालून माल काढणें चालूच राहिलें आणि त्या खड्ड्याचें रुंदावत रुंदावत २० एकरांचें, सरासरी २५ फूट खोल असें तळें झालें. इकडे वस्तीहि वाढत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धावरून परत आलेल्या तरुणांच्या संसारांना घरें हवीं होतीं. १९४७ ते १९५१ या काळांत लेव्हिटाउन नांवाची १७ हजारांहून अधिक घरांची वसाहत मुख्यतः याच टाऊनच्या हद्दींत उभी राहिली. यावरून त्या भागांत घरें कोणत्या वेगानें उठत होतीं याची कल्पना येईल. प्रकरण न्यायालयांत गेलें तेव्हां आमच्या या खाणीभोंवतीं साडेतीन हजार फुटांच्या टापूंत २,२०० हून अधिक घरें झालीं होतीं, आणि चार सरकारी शाळांत मिळून ४,५०० मुलें शिकत होतीं.

टाऊननें काय काय उपाय केले तें पाहण्यासारखें आहे. १९४५ सालीं नियम केला कीं, अशा खड्ड्यांस तारेचें कुंपण असावें, कांठाला ठराविक रुंदीची मोकळी पट्टी सोडावी, व कड सरळसोट न ठेवतां उतरती ठेवावी. खाणवाल्यानें तें सर्व केलें. मग टाऊननें विभागवारीच्या नियमांचा आधार घेऊन खाण बंद पाडण्याचा दावा लावला. अमुक भाग राहण्याचा, अमुक कारखान्यांचा, अशी जी शहराची वांटणी करण्यांत येते, तीस अनुसरून या जागीं खाण चालवितां येणार नाहीं असें टाऊनचें म्हणणें. हा दावा बुडाला. कारण नियमापूर्वींपासून चालत आलेला वापर नंतरच्या नियमानें एकाएकीं बंद करतां येत नाहीं असें ठरलें. तेव्हां १९५८ सालीं टाऊननें तिसरी वाट काढली. १९४५ च्याच नियमांत दुरुस्ती केली कीं, भूजलाच्या पातळीखालीं कोणीहि खोदूं नये, आणि पूर्वीं खोदलें असेल तें भरून काढावें. वीस एकर आणि पंचवीस फूट यांचा गुणाकार केला, तर ही भर सुमारें २ कोटी १८ लक्ष घनफूट होते! अर्थात् खाण बंद करा असें न म्हणतां ती बंद करण्याची ही युक्ति होती. खाणवाला नियम पाळीत नाहीं म्हणून टाऊननें १९५९ सालीं दावा केला. तो राज्याच्या न्यायालयांतून वर वर चढत गोल्डब्लाट विरुद्ध हेम्पस्टेड या नांवानें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि १४ मे १९६२ रोजीं न्यायमूर्ति क्लार्क यांनीं टाऊनच्या बाजूनें निकाल दिला. नियमामुळें मालकाचा चांगला चालता धंदा बुडतो एवढ्यावरून नियम बेकायदा ठरत नाहीं. नियम अवाजवी आहे हें दाखविण्याचा भार मालकावर आहे. आणि जमिनीची किंमत किती घटली याचा पुरावासुद्धां त्यानें पुढें आणलेला नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें.

हा निकाल उभा राहिला तो सुरक्षिततेच्या मुद्द्यावर. आवाजाच्या मुद्द्यावर नव्हे. दोन हजारांहून अधिक घरांच्या मधोमध चालणारी खाण केवळ पाण्याच्या भीतीनेंच नकोशी झाली असेल आणि तिच्या मालमोटारींचा व यंत्रांचा कोणास कांहींच जाच झाला नसेल, हें आम्हांस संभवनीय वाटत नाहीं. पण हा आमचा तर्क झाला. कायद्यापुढें ज्या गोष्टीला वजन आहे तिच्याच नांवानें फिर्याद करावी लागते. पाण्याची खोली दोरी सोडून मोजतां येते. धूळ खिडकीच्या तावदानावर बोटानें दाखवितां येते. आवाज मात्र थांबला कीं मागें कांहींच ठेवीत नाहीं, आणि न्यायाधीश येतात ते नेमके तो थांबल्यानंतर.

त्याच १९६२ सालीं कॅलिफोर्नियांत या तर्काला पुष्टि देणारा आणखी एक निकाल झाला. लॉस एंजेलिस शहराच्या हद्दींतील बिग टुहुंगा या नदीपात्रांत गोटे-खडीचा मोठा साठा होता. त्या जमिनीला खडीवांचून दुसरें म्हणण्यासारखें मोल नाहीं, हें न्यायालयालाहि मान्य होतें. तरीहि शहराची खोदाईबंदी कायम राहिली. जवळचीं सनलंड व टुहुंगा हीं गांवें दम्याच्या व श्वासरोगाच्या रोग्यांचें विश्रांतिस्थान म्हणून प्रसिद्ध होतीं. येथेंहि पारडें जड झालें तें श्वासामुळें, कानामुळें नव्हे.

याच्या उलट टोंक मिशिगन राज्यांत पाहावयास मिळतें. तेथील न्यायालयानें १९८२ सालीं असा दंडक घातला कीं, खडीच्या खाणीमुळें ‘अति गंभीर परिणाम’ होत असतील तरच स्थानिक संस्थांनीं ती अडवावी. खडी ही सर्वांच्या उपयोगाची वस्तु असल्यामुळें एका गांवाच्या नापसंतीवर तिचें भवितव्य ठेवूं नये. २०१० सालीं कॅसन या गांवाच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें हा दंडक रद्द केला; आणि २०११ सालीं विधिमंडळानें कायदा करून तो पुन्हां जिवंत केला. मात्र तो जिवंत करतांना एक पोटकलम घातलें, तें आम्हांस सबंध कायद्याहून महत्त्वाचें वाटतें. कामाचे तास, सुरुंगाच्या वेळा, आवाजाची मर्यादा, धूळ आणि वाहतूक यांविषयीं वाजवी नियम करण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार त्यानें अबाधित ठेवला. म्हणजे खोदावें कीं खोदूं नये हा वाद मोठ्या लोकांकडे गेला, पण कसें खोदावें हें ठरविण्याचा अधिकार शेजाऱ्यांच्या हातीं राहिला. शेजाऱ्यांनीं यांत आपण हरलों असें मानलें असल्यास तें चूक होय. झोपेचा प्रश्न दुसऱ्या अधिकारांतच सुटतो.

तो कसा सुटतो, हें थोडक्यांत सांगतों. खाणीचा आवाज एकच नसतो. वरची माती खरवडणाऱ्या यंत्राची घरघर वेगळी, दगड फोडणाऱ्या यंत्राचा धडधडाट वेगळा, लोखंडी चाळण्यांचा खडखडाट वेगळा. रिकाम्या मालमोटारींत पडणाऱ्या पहिल्या पाटीभर दगडांचा दणका तर सर्वांत वाईट, कारण तो अवचित येतो. मागें सरकणाऱ्या गाड्यांच्या ‘टीं टीं’ सूचनेनें माणसें चिरडण्यापासून वांचतात खरीं, पण ती सूचना अर्ध्या मैलावरील आजारी माणसालाहि मिळते. यांवर उपाय आहेत आणि ते फार महाग नाहींत. पोलादी जाळीऐवजीं रबरी अथवा तत्सम मऊ द्रव्याच्या चाळण्या, गाडीच्या व नळकांड्याच्या आंतून रबराचें अस्तर, ‘टीं टीं’ऐवजीं जवळच विरून जाणारा फुसफुशीत आवाज, गाड्यांच्या रांगेऐवजीं खाणीच्या आंतल्या आंत माल नेणारा सरकता पट्टा, आणि फोडण्या-चाळण्याचीं यंत्रें वर कांठावर न मांडतां खाली तळाशीं मांडणें, म्हणजे खाणीची कडच भिंतीचें काम करते. अंतराचा नियम असा कीं, एका जागीं असलेल्या यंत्रापासूनचें अंतर दुप्पट केलें कीं आवाज सुमारें ६ डेसिबेलनें उतरतो. पण अंतर सर्वत्र देतां येत नाहीं. म्हणून सर्वांत जुना व सर्वांत साधा उपाय उरतो, तो मातीच्या बांधाचा. खडीच्या वर जी माती असते ती कोठें तरी टाकावीच लागते. ती खाण व घरें यांच्यामध्यें उंच बांध करून टाकावी व त्यावर गवत लावावें.

इंग्लंडमध्यें खाणींच्या आवाजासंबंधीं १९९३ सालीं निघालेल्या सरकारी मार्गदर्शिकेंत आणि पुढें तिच्या जागीं आलेल्या मार्गदर्शनांत या बांधाची एक गमतीची सोय केलेली आहे. दिवसा शेजारच्या घरापाशीं तासाभराच्या सरासरीनें आवाज ५५ डेसिबेलच्या वर जाऊं नये, रात्रीं ४२ च्या वर जाऊं नये, अशी मर्यादा आहे. परंतु माती खरवडून बांध घालण्यासारख्या कामापुरती वर्षांतून आठ आठवड्यांपर्यंत ७० डेसिबेलची मुभा मिळते. शांततेचा बांध घालण्यासाठीं आठ आठवडे गोंगाट सोसावा, असा हा सौदा. आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो. आमची तक्रार आहे ती सरासरीविषयीं. सकाळीं सातच्या ठोक्याला रिकाम्या गाडींत पडलेला एक दणका तासाच्या सरासरींत पार विरघळून जातो. माणूस मात्र सरासरीनें दचकत नाहीं.

आपल्याकडे काय आहे? १९५७ च्या खनिज कायद्यानें साधी वाळू, खडी व बांधकामाचा दगड यांना ‘गौण खनिज’ असें नांव दिलें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातली. रात्र म्हणजे दहा ते सहा. मर्यादा तीहि सरासरीचीच. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिल्लीच्या लाल कुआँ, आनंद पर्बत, राजोकरी, तुघलकाबाद इत्यादि भागांतील खडी फोडण्याचे कारखाने १५ ऑगस्टपासून बंद करून हरयाणांतील पाली येथें हलविण्याचा हुकूम केला. तेथेंहि जिंकली ती धूळच. महाराष्ट्रांत या दोन प्रश्नांची गांठ एका व्यक्तीच्या कार्यांत पडलेली दिसते. सुमैरा अब्दुलाली या बाई मुंबईच्या गोंगाटाविरुद्ध लढल्या, आणि वाळूच्या बेकायदा उपशाविरुद्धहि लढल्या. २००४ सालीं रायगड जिल्ह्यांतील किहीम येथें वाळूचा उपसा पाहावयास गेल्या असतां त्यांच्यावर हल्ला झाला. २००६ सालीं त्यांनीं स्थापिलेल्या संस्थेचें नांवच ‘आवाज’ आहे. आणि तिनें चालविलेल्या प्रकरणांतच २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें वाळूउपशाला कांहीं काळ बंदी घातली.

२०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें आणखी एक दार उघडलें. पांच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यालाहि पर्यावरणाची मंजुरी लागेल, असें त्यानें दीपक कुमार खटल्यांत सांगितलें. या मंजुरीच्या कागदांत अटी घालतां येतात. कामाचे तास कोणते, यंत्रें कोठें मांडावयाचीं, गाड्या कोणत्या रस्त्यानें जातील आणि वरच्या मातीचें काय करावयाचें, हें सर्व तेथें लिहून घेतां येतें. खाणीशेजारीं ज्यांचें घर आहे त्यांनीं तो कागद खोदाई सुरू होण्यापूर्वीं मागून वाचावा. त्यांत मातीचें कलम अवश्य पाहावें. बांधाची माती पहिल्या कांहीं आठवड्यांतच निघते. ती एकदां भरावासाठीं गाड्यांत भरून विकली गेली, कीं पुढें बांधाला माती उरत नाहीं.